उलट्या दातांचा विळा

माझ्या आईचा विळा घरात दुसऱ्या कुणालाही चालायचा नाही. लग्न होऊन ती रोह्याकडून जोह्याजवळच्या आमच्या गावात आली, तेव्हा तिच्या वडिलांनी लोहारापुढे बसून तो करून घेतला होता. भात कापायच्या विळ्याला बारीक दात असतात आणि ते पात्याच्या एकाच अंगाला कोरलेले असतात. आईच्या विळ्याचे दात दुसऱ्या अंगाला. उजव्या हातानं चालवायला गेलं तर काडी कापत नाही, नुसती वाकते. आई डावरी आहे. माहेरी त्याचं कुणाला काही वाटत नव्हतं. सासरी मात्र तो गुन्हा ठरला.

आजीनं, म्हणजे माझ्या वडिलांच्या आईनं, पहिल्याच वर्षी तो विळा माळ्यावर टाकला आणि सुनेच्या उजव्या हातात घरचा विळा दिला. नवान्नाचा दिवस होता. त्या दिवशी आमच्याकडे शेतातून भाताच्या भरल्या लोंब्या कापून आणतात, आंब्याची पानं आणि झेंडू घालून त्यांची जुडी करतात आणि दाराला बांधतात. त्याला ‘नवं’ म्हणतात. नवं घरच्या सुनेनं कापायचं, उजव्या हातानं. आईनं कापलं. तिसऱ्या मुठीला विळा घसरला आणि डाव्या हाताची करंगळी उघडली. नवं दाराला बांधलं गेलं, करंगळीला चिंधी बांधली गेली आणि आजी एवढंच म्हणाली, “होईल सवय.”

सवय झाली नाही. आई जेवण उजव्या हातानं वाढते, हळदीकुंकू उजव्या हातानं लावते, सही उजव्या हातानं करते. पण त्याच वर्षी कापणीला ती स्वतः माळ्यावर चढली आणि आपला विळा खाली घेऊन आली. आजी हरली, पण अर्धीच. बायांची ओळ शेतात उतरली की आईची जागा ठरलेली: ओळीच्या डाव्या टोकाला, बांधाला लागून. तिथं तिचं कोपर कुणाला लागत नाही, हे कारण सांगितलं जायचं आणि ते खरंही होतं. पण नवं तिला पुन्हा कधीच कापू दिलं नाही. आजी होती तोवर आजीनं कापलं, पुढे शेजारची काकू येऊन कापून द्यायला लागली. आजी गेली तरी तिची रीत उंबऱ्यात बसून राहिली.

“डाव्या सोंडेचा गणपती घरात चालतो,” आई म्हणायची, “डाव्या हाताची सून चालत नाय.”

आमच्याकडे ही गोष्ट सगळ्यांना नीट कळते, कारण घरटी कुणी ना कुणी गणपतीच्या कारखान्यात आहे. मीसुद्धा आठवीत असल्यापासून सुट्टीत तिथं जायचे. आधी नुसतं पॉलिश पेपरनं घासायचं, मग अंगाचा रंग, मग दागिने. साचा हातात आला की मालक पहिला धडा द्यायचा: साच्यात उजवीकडे दिसतं ते मूर्तीत डावीकडे येतं. सोंडेची बाजू चुकली तर गिऱ्हाईक मूर्तीला हात लावत नाही. उजवं-डावं यावर पोट भरणाऱ्या गावात मी वाढले. हे आत्ताच सांगून ठेवते, म्हणजे पुढे मी जे केलं त्याची लाज किती मोठी होती ते कळेल.

पुढे मुंबईला चित्रकला शिकले आणि एचिंगच्या, म्हणजे धातूच्या पत्र्यावरून चित्र छापण्याच्या, नादाला लागले. आता रोह्याला एका शाळेत चित्रकला शिकवते आणि शेजारच्या वरसेला दोन खोल्या भाड्यानं घेऊन राहते. एका खोलीत मी, दुसऱ्या खोलीत जुना विकत घेतलेला लोखंडी प्रेस. माझा धाकटा भाऊ धाटावच्या केमिकल कंपनीत आहे. शिफ्ट असली की तो माझ्याकडे मुक्कामाला, सुट्टी असली की गावाला आईकडे. पहिल्या दिवशी माझी ॲसिडची बरणी बघून त्यानं कपाळाला हात लावला. “आमाला तिथं ॲसिडपासून लांब ऱ्हायाचा पगार मिळतो,” तो म्हणाला, “आणि तू पैसे देऊन घरात आणतेस!”

काम तसं सोपं सांगता येतं. जस्ताच्या पत्र्यावर मेणाचा पातळ थर द्यायचा, तो धुरानं काळा करायचा आणि त्यावर सुईनं चित्र काढायचं. सुई जिथं फिरते तिथं मेण निघून पत्रा उघडा पडतो. मग पत्रा ॲसिडमध्ये सोडायचा. उघडी रेघ ॲसिड खातं, झाकलेला भाग शाबूत राहतो. त्या खोल गेलेल्या रेघांत शाई भरायची, ओला कागद वर ठेवायचा आणि प्रेसखालून काढायचा. कागदावर चित्र उमटतं ते उलटं. पत्र्यावर डावीकडे काढलेलं झाड कागदावर उजवीकडे जातं. खोडरबर नाही, गोंजारणं नाही. मला हेच आवडतं. रेघ एकदा ओढली की ती ओढली.

मी शेतं काढते. खाडीचे बांध, मिठागराचे चौकोन, आवणाची भातरोपं लावणाऱ्या बाया, उन्हात पसरलेला पेंढा. शेतात बसून थेट पत्र्यावर काढते. शिकत असताना सरांनी सांगितलं होतं, “माणसाचा चेहरा असेल तर काळजी घे. निसर्गचित्राला काय! डोंगर उलटा झाला म्हणून डोंगर तक्रार करत नाही.” मला ते फार पटलं. आळशी माणसाला सोयीचं वाक्य लगेच पटतं. दहाएक वर्षं मी आमचं अख्खं गाव उलटं छापत राहिले. खाडी गावाच्या भलत्याच अंगाला गेली, शाळा देवळाच्या अलीकडची पलीकडे झाली, आणि एकाही माणसानं विचारलं नाही. मुंबईत प्रदर्शन लागलं की लोक चित्रांसमोर उभे राहून म्हणायचे, “किती शांत वाटतं!” कापणीच्या दिवशी दुपारी एक वाजता माझ्या शेतात येऊन उभे राहा, मग सांगा शांत वाटतं का, असं तोंडावर यायचं. मी हसून मान हलवायचे.

तीन वर्षांपूर्वी मी आमच्या शेतातली कापणी काढली. मोठा पत्रा घेतला होता. नऊ बाया, वाकलेल्या, मागे मोकळं रान आणि डोंगर. आई टोकाला. ती प्रिंट प्रदर्शनात सगळ्यांना आवडली, तिचं छापील कार्डही झालं. उन्हाळ्याच्या सुट्टीत एक प्रत काच लावून मी गावाला घेऊन गेले. माझं एकही चित्र आईनं तोवर नीट बघितलेलं नव्हतं. मी दाखवलंच नव्हतं, हे जास्त खरं.

आईनं हात पुसले आणि चित्र मांडीवर घेतलं. एकेक बाई बोटानं मोजली. नावं घेतली तिनं सगळ्यांची, पाठीवरून ओळखली. मी खूश. मग बोट टोकाला आलं आणि थांबलं.

“ही कोण गो?”

“तूच की.”

“ही मी नाय.” ती पुन्हा वाकून बघायला लागली. “हिचा विळा उजव्या हातात हाय. नि ह्या सगळ्यांचे डाव्या. सगळ्या माझ्यासारख्या केल्यास आणि मला तेवढी ह्यांच्यासारखी.”

मी समजावायला गेले. छपाईत असं होतंच, ती पद्धतच आहे, कुणी इतकं बघत नाही. बोलताना मलाच माझा आवाज गिऱ्हाइकाला गंडवणाऱ्या दुकानदाराचा वाटायला लागला. आईनं सगळं ऐकून घेतलं. रागावली नाही. करंगळीवरच्या व्रणावरून अंगठा फिरवत ती शांतपणे म्हणाली, “तुझ्या आजीला जमलं नाय, ते तू केलंस.”

मला थोबाडीत बसल्यागत झालं. आजही ते वाक्य आठवलं की कान तापतात.

आई उठली आणि चित्र घेऊन भिंतीवरच्या आरशापुढे गेली. तो आमचा जुना आरसा, लाकडी चौकटीचा, कडेनं तिच्या टिकल्या चिकटवलेल्या. चित्र तिनं आरशाकडे तोंड करून धरलं आणि मला मान वळवून बोलावलं. आरशात बाया सुलट्या झाल्या होत्या. आठ विळे उजव्या हातात, टोकाचा एक डाव्या. “बघ,” ती म्हणाली, “हितं हाय मी. पण आरशात हाय. कागदावर नाय.”

भाऊ खाटेवरून बोलला, “त्यात काय, मोबाईलवर उलटा करून छाप.” त्यानं फोटो काढून तिथल्या तिथं उलटा करून दाखवलाही. आईनं चष्मा लावून बघितला आणि मग तिनं दुसरी गोष्ट काढली. “हात झाला. पण मी अर्धीच हाय की!” खरंच होतं. ओळ छान तिरपी दिसावी म्हणून मी चित्राची चौकट अशी धरली होती की टोकाची बाई पाठीतून कापली गेली होती. नऊ बायांत अर्धी ती एकटीच. आजीनं तिला कडेला उभं केलं होतं, मी तिला त्याच कडेला कापलं होतं. उलटं-सुलटं करून हे मिटणार नव्हतं.

मी त्याच दुपारी ठरवलं की ही प्लेट पुन्हा करायची, तीही शेतात, समोर बघून. आणि सुलटी. आईला तसं सांगितलं. ती म्हणाली, “बघू,” पण संध्याकाळी तिनं विळा काढून दगडावर घासायला घेतला. उन्हाळ्यात विळा कोण घासतं!

सुलटं छापायचं तर पत्र्यावर उलटं काढायला हवं, आणि समोरचं जिवंत माणूस उलटं काढायचं तर एकच वाट: शेताकडे पाठ करून बसायचं, समोर आरसा ठेवायचा आणि आरशात दिसेल ते काढायचं. हे सगळ्या छापणाऱ्यांना ठाऊक असतं. मला ठाऊक होतं आणि मी कधी केलं नव्हतं. पावसाळाभर वरसेला खिडकीशी पाठ करून बसायची सवय केली. आरशातून रस्त्यावरची माणसं काढायची. पहिले कितीतरी दिवस हात ऐकेना. डावीकडे न्यायची रेघ उजवीकडे पळायची. शिफ्टवरून आलेला भाऊ बघायचा आणि म्हणायचा, “तोंड का फिरवलंयस, शेजाऱ्यांशी भांडलीस काय?” आईला आयुष्यभर उजव्या हातानं वाढायला लावलं तेव्हा तिचा हात असाच पळत असणार, हे मला तेव्हा कळलं. चाळिशीत कळलं, उशीर झाला, पण कळलं.

दसऱ्याच्या सुमाराला भावानं बातमी आणली. यंदा भात मशीननं कापायचं. गावात मशीन येणार होतं, सगळ्यांनी पाळ्या लावल्या होत्या. चूक कुणाची म्हणू? कापायला बाया मिळत नाहीत. जुन्या थकल्या, सुना-मुली कारखान्यात रंगावर बसतात, सावलीत आणि बाराही महिने काम मिळतं. भाऊ शिफ्ट सांभाळून शेती बघतो. त्याच्या जागी मी असते तरी मशीनच लावलं असतं. मी फक्त एकच मागितलं: एक दिवस आधी मला हातकापणी करून द्या, चार-पाच बाया पुरतील. भाऊ हो म्हणाला. आईनं बायांना सांगूनही ठेवलं. रविवार ठरला, मशीनची पाळी मंगळवारी.

शुक्रवारी सकाळी शाळेत भावाचा फोन आला. आभाळ भरून आलं होतं, पाऊस झाला तर आमच्या जमिनीत मशीन रुततं, म्हणून मशीनवाल्यानं सगळ्या पाळ्या पुढे ओढल्या. “आज दुपारी आपल्यात उतरतंय. मी काय करू सांग.”

काय सांगणार! रजेचा अर्ज टाकला. खोलीवर जाऊन मेण दिलेला पत्रा जुन्या लुगड्यात गुंडाळला, सुया घेतल्या आणि रोह्याहून पेणची एसटी पकडली. रस्ताभर मी मनातल्या मनात सगळ्यांशी भांडत होते. मशीनशी, पावसाशी, भावाशी, आणि सगळ्यात जास्त स्वतःशी. दहा वर्षं आई त्या ओळीत वाकलेली होती, दर वर्षी एक कापणी माझ्यासमोर होऊन गेली होती, आणि मी डोंगर काढत होते. पेणला उतरले तर जोह्याची गाडी नुकतीच सुटलेली. रिक्षा केली.

बांधावर पोहोचले तेव्हा मशीन शेताच्या मधोमध होतं. आवाजानं कान बसत होते. निम्मं शेत बोडकं झालेलं. बायांची ओळ नव्हतीच. ती यंदा लागणार नव्हती आणि पुढच्या वर्षीही नाही, हे त्या उघड्या रानाकडे बघताना मला समजलं. मी पत्रा छातीशी धरून उभी राहिले आणि रडायला लागले. लाज वाटली नाही. मशीनच्या आवाजात कुणाला ऐकू जाणार होतं?

मग आई दिसली. ती बांधावर बसली होती, पदर खोचलेला, विळा मांडीवर. शेजारी गोणपाटात गुंडाळून घरचा आरसा उभा करून ठेवलेला. तो तिनं एकटीनं डोक्यावरून आणला होता. मला बघून ती उठली आणि हातानं दाखवलं. मशीनचा पट्टा बांधापासून दोन हात लांबून गेला होता. बांधाच्या कडेकडेनं, या टोकापासून त्या टोकापर्यंत, भात उभं होतं.

मशीनला कोपरे आणि कडा नीट साधत नाहीत. तिथलं थोडंफार हातानंच कापावं लागतं, पण ते चार पावलांचं काम. दोन हात रुंद अख्खी कड कुणी सोडत नाही. आईनं सोडायला लावली होती. मशीनवाला परमुलखातला, हिंदी बोलणारा. नंतर भावानं सगळी जुगलबंदी सांगितली. “माँजी, इतना क्यों छोड़ना? मैं निकाल दूँगा,” मशीनवाला म्हणत होता. आई मशीनसमोर उभी. “छोडनेका. ये मेरा हाय.” तो म्हणाला, “काटेगा कौन?” आईनं विळा वर केला.

“ओळ गेली,” मी आईला म्हटलं.

“गेली तर गेली. कड ऱ्हायलीय ना,” ती म्हणाली. “चाळीस वर्षं मी कडंलाच हाय. बस आता, ऊन उतरंल.”

मशीन शेवटचा फेरा घेऊन दुसऱ्याच्या शेतात गेलं आणि एकदम सगळं ऐकू यायला लागलं. शेजारची काकू आणि आणखी एक बाई विळे घेऊन आल्या होत्या, रविवारचं बोलावणं त्यांनी शुक्रवारी पाळलं. भावानं बांधावर दोन काठ्या रोवल्या आणि त्यांना आरसा बांधला. मी शेताकडे पाठ करून बसले. काकूला हसू आवरेना. “मुंबईला जाऊन शिकली नि शेताकडं पाठ करून बसली! आवो, पुढं बघून काढतात चित्र!” आई विळा सरसावत म्हणाली, “तिला माझं तोंड बघवत नाय, म्हणून आरशात बघते.” तिघी हसल्या. मीही हसले. हाताचा ताण तेवढ्यानं गेला.

आणि मग आईनं सुरुवात केली. ओळ असली की उजव्या टोकाची बाई चाल धरते आणि बाकीच्या तिच्या मागे सरकतात. यंदा बांध डाव्या अंगाला, पट्टा दोन हातांचा, त्यामुळे आई पुढे आणि दोघी तिच्या मागे, तिच्या चालीनं. काकू घाईत बांधाकडून तिच्या डाव्या अंगाला शिरायला गेली तर आईनं न बघता कोपर मारलं. “त्या अंगाला नाय. तो माझा हात हाय.” काकू निमूट मागे झाली. कितीतरी वर्षं हीच काकू आमच्या दाराचं नवं कापून देत होती.

आरशात ती माझ्याकडे तोंड करून येत होती. आरशात उलटं दिसत असलं तरी उजव्या हाताच्या मुठीत काड्या, डाव्या हातात विळा, मनगट आतल्या बाजूला वळलेलं. विळा ती ओढायची नाही, फक्त मनगट फिरवायची आणि मूठ मोकळी व्हायची. मी जन्मभर हे बघितलं होतं आणि एकदाही बघितलं नव्हतं. सुई चालू होती. काळ्या मेणातून रेघ चमकत निघत होती. आरशाच्या कडेला तिच्या टिकल्या होत्या, त्यांतली एक नेमकी आभाळात यायची. तिथं मी नुसतं आभाळ ठेवलं. ढग गडगडले. भाऊ म्हणाला, “आवर, पाऊस येतोय.” आई म्हणाली, “येऊ दे.” मी चेहरा काढत होते. कपाळावरचा घाम, दाबून धरलेले ओठ. खोडायची सोय नाही हे दर रेघेला आठवत होतं आणि तरी सुई थांबली नाही.

पहिले थेंब पडले तेव्हा आई कडेच्या शेवटच्या मुठीवर होती. ती कापून तिनं पाठ सरळ केली. मी पत्रा लुगड्यात गुंडाळला. भाऊ आणि मी आरसा धरून, बाया भारे घेऊन, सगळे घराकडे पळालो.

दिवाळीच्या सुट्टीत पत्रा ॲसिडमध्ये सोडला. भाऊ दाराशी उभा राहून नाक दाबून बघत होता. विळ्याची रेघ मी सगळ्यांत जास्त वेळ खाऊ दिली, ती सगळ्यांत काळी उठावी म्हणून. पहिली प्रिंट प्रेसवरून उचलली तेव्हा कागदाचं एक टोक धरून भावानंच ती उलटवली. मागे बोडकं रान, दोन बाया, लांबवर मशीन, हरभऱ्याएवढं. आणि पुढे, डाव्या अंगाला बांध घेऊन, अख्खी आई. विळा डाव्या हातात.

भावानं कागद उजेडाला धरला. मग म्हणाला, “मारील असं वाटतंय.”

“कुणाला?”

“कुणालाबी.”

ती प्रिंट मी आईला नेऊन दिली. तिनं ती आधी नुसती बघितली, मग सवयीनं आरशापुढे नेली. आरशात विळा उजव्या हातात गेला तशी तिनं मान हलवली आणि चित्र वळवून घेतलं. “आरशातली चुकली,” ती म्हणाली. “कागदावरची बरोबर हाय.” काच लावून ते चित्र तिनं बाहेरच्या खोलीत, दारासमोर लावलं. येणारा-जाणारा बघतो. काकूनं बघितलं तेव्हा म्हणाली, “मी बारीक दिसते.” जुनी प्रिंट मी परत घेऊन आले. ती वरसेला प्रेसच्या वर लावली आहे, मला दिसेल अशी.

गेल्या वर्षी नवान्नाला मी गावाला होते. सकाळी काकू नेहमीप्रमाणे आंघोळ करून, डोक्यावर पदर घेऊन आमच्या दारात आली. आई चुलीजवळ होती. ती बाहेर आली, काकूला पाटावर बसवलं, तिच्या हातात चहाचा कप दिला आणि म्हणाली, “तुमी बसा. यंदा मी कापते.” काकूनं माझ्याकडे बघितलं, मग समोरच्या भिंतीवरच्या चित्राकडे बघितलं आणि चहा बशीत ओतला.

आईनं वळचणीचा विळा घेतला. मी तिच्या मागून गेले. शेतात ती बांधाच्या कडेला वाकली, लोंब्यांची मूठ उजव्या हातात धरली आणि डाव्या हातानं मनगट फिरवलं. एक, दोन, तीन मुठी. तिसरीला मला तिची करंगळी आठवली. काही झालं नाही. कापलेल्या लोंब्या तिनं एकत्र केल्या आणि मागे न बघता माझ्याकडे धरल्या.

देवाच्या कामाची वस्तू. मी उजवा हात पुढे केला, मग मागे घेतला, मग डावा. मला खरोखरच कळेना.

“कुठल्या हातात घेऊ?” मी विचारलं.

“तुला जमंल त्या हातात घे गो,” आई म्हणाली.